नारळ न फोडलेली खेप

सोनईजवळच्या आमच्या वाडीत चांदभाईंकडे एक वळू होता. आसपासच्या गाई त्यांच्याकडेच फळवायला आणत. चांदभाई बोलत कमी, ऐकत जास्त. गाय दारात आली की आधी तिला पाणी दाखवत, मग माणसाला चहा.

गाय पहिल्यांदा आणली की वळूला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, अशी रीत होती. गाय फळली नाही तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा आणत; तेव्हा काहीच करत नसत. म्हणून घरोघरी लक्षात राही तो नारळाचाच दिवस.

राहीबाईने एकाहत्तर साली नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी असाच नारळ फोडला होता. त्या हिशेबाने तिची चंद्री मेच्या सुरुवातीला व्यायला हवी होती. वर पंधरवडा गेला, तरी कास भरेना. वासरू पोटात मेलं, असं तिच्या नवऱ्याने, गोरखने, ठरवलं आणि वासरं ओढून काढणारा एक माणूस सोनईहून बोलावला. अशा ओढाओढीत गाई दगावत. राहीबाई रडत चांदभाईंकडे आली. शाळेला सुटी होती. मी तिथेच ओट्यावर होतो.

"वहिनी, शेवटची खेप कंदी?"

"नागपंचमीची. नारळ न्हवता का फोडला?"

चांदभाईंनी टोपी घातली आणि निघाले. मीही मागे गेलो. गोठ्यात दोर तयार होता, सोनईचा माणूस बाह्या सारत होता.

"गोरख, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू गाय घेऊन आल्तास. वळूच्या शिंगाचा रंग सदऱ्याला लागला म्हनून मलाच शिव्या घातल्यास. इसरला?"

"आल्तो की. पर ती खेप कशी धरायची? नारळ कुठं फोडला हुता?"

"पोळ्यापास्नं मोज की. गाय नारळानं गाभन ऱ्हाती व्हय रे?"

सोनईचा माणूसही हसला. गोरख हसला नाही. "आन् वासरू खरंच मेलेलं असलं तर?"

चांदभाईंनी त्याचा हात धरून चंद्रीच्या उजव्या कुशीवर दाबून ठेवला. मग गोरखने दचकून हात काढला आणि पुन्हा, आपणहून, ठेवला.

"लाथ मारली," तो हळूच म्हणाला.

सोनईचा माणूस दोर गुंडाळून परत गेला. महिनाअखेरीस चंद्रीला कालवड झाली. खरवस घेऊन गोरख स्वतः चांदभाईंकडे गेला.

"वेलदोडा कमी पडलाय," चांदभाई म्हणाले आणि ताटली पुन्हा पुढे केली.