बाळू भगतांनी शिकवलेली चिप

तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात बाळू भगत एकोणतीस वर्षं पंप फिटर आहेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतला बिघाड सांगायचा, ही त्यांची ख्याती.

“टीवी सगल्या गावाला ऐकवायचा हाय का?” असं म्हणत बायको रंभाने गेल्या वर्षी त्यांना पनवेलला कान तपासायला नेलं. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेले होते. कारखान्यात त्यांनी हे सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मुठीतून हाताला लागणाऱ्या थरथरीवर काम भागत होतं.

मार्चमध्ये कारखान्यातल्या इंजिनिअर चारुताने पंपाचा बिघाड आवाजावरून ओळखणारी एक चिप आणली. मेंदूतल्या पेशींसारखी तिची रचना. आवाज आला की तिच्यात किंचित वीज साठते. पातळी ओलांडली की त्याच क्षणी दिवा लाल होतो. मध्ये संगणक लागत नाही. पण कोणती ‘टिक’ वाईट, हे आधी शिकवावं लागतं. चारुताने बाळूंना हेडफोन लावून आवाजाचे चारशे तुकडे ऐकवले. हेडफोनमध्ये थरथर नव्हती. जे ऐकू आलं नाही, त्याला बाळू ‘चांगला’ म्हणत गेले.

जूनमध्ये चार नंबरच्या पंपावर त्यांच्या हाताला थरथर लागली. पंपावर बसवलेल्या चिपचा दिवा हिरवाच होता.

“मॅडम, ह्यो बंद करा. बेअरिंग गेलाय.”

“काका, दिवा बघा. तिला तुम्हीच शिकवलंय, आणि तुमचाच विश्वास नाही?”

पंपातून सहज पेट घेणारं सॉल्व्हंट वाहत होतं. सील फुटलं असतं तर आग लागली असती. पलीकडे दोन वेल्डर काम करत होते.

“मना बारीक आवाज ऐकू येत नाय,” बाळू म्हणाले. “वरीस झाला.”

“मग ते चारशे तुकडे?”

चारुताने पंप बंद करवला. उघडल्यावर बेअरिंगच्या कडीवर खड्डे निघाले.

तसंच शिकवलेल्या चिप आणखी अकरा पंपांवर बसवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणीत बाळू नापास झाले आणि त्यांना पंपहाऊसमध्ये यायला बंदी झाली. चारुता त्यांना गेटवर भेटली.

“काका, अकरापैकी आधी कुठला उघडू?”

“हात लावू दिला तं सांगतो.”

तिने व्यवस्थापनाकडे परवानगी मागितली. ती मिळाली नाही. पंप आता नंबराच्या क्रमाने उघडून बघतात, रोज एक. बाकीचे चालू आहेत.