काका पाच-नऊ देत नाहीत

सॉल्ट लेकच्या काकांनी मला कधी फुकटचे पाच-नऊ दिले नाहीत. हॅम रेडिओवर आम्ही हौशी मंडळी भेटलो की आधी एकमेकांना दोन आकडे सांगतो. बोलणं किती कळतंय, ते पाचपैकी. सिग्नल किती जोरात येतोय, ते नऊपैकी, सेटवरचा काटा बघून. काट्याकडे बघतो कोण? सगळेच डोळे मिटून पाच-नऊ देतात. काय जातं हो आपलं? पण काका चष्मा पुसणार, काट्यापाशी वाकणार आणि म्हणणार, "चार-सहा. तुझा अँटिना हललाय."

बराकपूरच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी नवा अँटिना उभारला आणि पाहुणे जमवून सेट सुरू केला. आम्ही पाच-नऊची खैरात केली. काका म्हणाले, "थ्री-फोर, कर्नलसाब. जोड़ ढीला है." झालं! त्यांच्याकडचं रविवारचं इलिश माशाचं जेवण रद्द, आम्हा सगळ्यांचंच! मी फोन करून कडाकडा भांडले. काका शांतपणे म्हणाले, "अगं, खोटा आकडा दिला तर त्यांनी दुरुस्त काय करायचं?" अशा माणसापुढे डोकं फोडून उपयोग नसतो.

तरी बँकेतून डमडमला घरी आले की चहाच्या आधी सेट लावायची मी. बदलीवर इथे आल्यापासून दिवसभरात कानावर पडणारं मराठी तेवढंच. काकू गेल्यापासून काकांनाही दुसरं कोण होतं? आमटीत गूळ किती, इथपासून आमचं सुरू व्हायचं.

गेल्या वर्षी त्यांनी मला तीन-नऊ द्यायला सुरुवात केली. म्हणजे जोर पुरेपूर, पण बोलणं धड कळत नाही! मी माइक बदलला, केबल बदलली, मिस्त्री आणून गच्ची पालथी घातली. बाकीचे म्हणत, "फाइव्ह-नाइन, दीदी!" काकांचं आपलं तीन-नऊच. मग दोन-नऊ. शेवटी वैतागून तडक त्यांच्या दारात गेले. "काका, माझ्या सेटला नक्की झालंय तरी काय?"

त्यांनी मला ते दोनदा विचारायला लावलं. मग म्हणाले, "तुझे नऊ बरोबर आहेत गं. दोन आहेत ते माझ्या कानांचे."

"अहो, मग यंत्र लावा ना!" मी कानाशी ओरडले.

"लावलंय. आवाज येतो, शब्द येत नाहीत."

इतका राग आला मला! चारचौघांसारखं पाच-नऊ म्हणत, हं-हं करत वेळ मारून न्यायची. पण नाही! स्वतःच्या कानांचासुद्धा आकडा खराच द्यायचा ह्यांना.

आता त्यांना शब्द अजिबात कळत नाहीत, काटा तेवढा दिसतो. मी तरीही रोज बोलते. बोलताना दाबून धरलेलं बटण मी सोडलं की काटा पडतो, त्यावरून त्यांना समजतं माझं बोलून झालं. काल मी मनसोक्त भांडून घेतलं. हट्टी आहात, छळवादी आहात, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय मला या शहरात करमत नाही, सगळं सांगून टाकलं. रडलेसुद्धा. मग बटण सोडलं.

"एक-आठ," काका म्हणाले. "काटा आज एक कमी दाखवतोय. गच्चीवर जाऊन अँटिना बघ, आणि परत बोल."