रिकामी खेप

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे मला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी थोडा वेळ मागून घेतला असता. रोज आंघोळ झाली की मी देवापुढे उदबत्ती लावायचो. पण दाढी करणं, घड्याळाला किल्ली देणं, उदबत्ती लावणं ही सगळी एकाच पंक्तीतली कामं होती. एक झालं की पुढचं. देव ऐकतो का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सगळ्या गोष्टी वेळच्या वेळी केल्या तर त्याला त्रास द्यायची गरज पडत नाही, असं माझं मत होतं.

विदर्भ मुंबई राज्यात सामील झाल्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही हकिकत आहे. ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून माझी बदली पैनगंगेतल्या एका बेटावर झाली. नदी तिथे दोन धारांनी वाहायची आणि मधल्या उंचवट्यावर गाव होतं. काही कुणब्यांची घरं, भोयांची आळी आणि टोकाला बंजारा लोकांचा तांडा. कागदोपत्री गावाला नाव होतं, पण ढाणकीच्या बाजारात सगळे आम्हाला ‘बेटावरचे’ म्हणायचे. उन्हाळ्यात माणसं पायी नदी ओलांडायची. पावसाळ्यात मात्र एकच डोंगा, तो चालवणारा लखमा भोई आणि त्याच्या मर्जीवर चालणारं सगळं गाव.

डोंग्याची व्यवस्था पंचायतीकडे आली, तेव्हा मी पहिलं काम हाती घेतलं ते वेळापत्रकाचं. रोज सकाळी घाटावर बसून मी खेपा टिपायला लागलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. घाटावर दूधवाले, बाजाराला जाणाऱ्या बाया ताटकळत उभ्या असायच्या आणि लखमा पहिला डोंगा रिकामाच घेऊन जायचा. पलीकडच्या काठावर उतरून तोंडाशी हात धरून तीनदा हाक मारायचा, “कोणी हाये का?” जरा वेळ थांबायचा आणि रिकामाच परत यायचा. मग माणसं बसायची. कोणी कुरकुर करत नसे.

मी लखमाला विचारलं, ही खेप कशासाठी?

“ते रिकामी खेप हाये.”

“ते दिसतंच आहे. पण काहून?”

लखमा हसला. “तुमची पोरगी शकू काहून काहून करते ते समजते, लहान हाये ते. तुमी कायले करता? माह्या बापानं नेली, म्या नेतो.”

मला उत्तराशिवाय गोष्ट सोडवत नाही. मी गावभर विचारत फिरलो. भोयांच्या एका म्हातारीनं सांगितलं, नदीमायला सकाळी एकटीला चैन पडत नाही म्हणून. कोणी म्हणालं, फार पूर्वी पलीकडे कोणीतरी रात्रभर हाका मारत राहिलं, इकडे कोणाला ऐकू गेलं नाही, तेव्हापासून. आमचे सरपंच तांड्याचे नाईक होते. त्यांनी हिशोबी माणसासारखं उत्तर दिलं. “आमचे वाडवडील लदेणी घेऊन निघत. शंभर बैलांवर माल, पण एक बैल मोकळा चालवत. लोक हसत, म्हणत याच्यावरही दोन गोण्या टाका. पण वाटेत कोणाचा बैल बसला तं? मोकळा बैल कोणासाठी, हे निघताना ठरवता येत नाही, सेक्रेटरी सायेब.” एवढं सांगून त्यांनी मलाच विचारलं, “तुमच्या वेळापत्रकात ते बसत नाही का?” मी म्हणालो, बसवता येईल की नाही ते बघतो. खरं तर ती खेप कशी काढून टाकता येईल, तेच मी बघत होतो.

श्रावणात शकूचा घसा दुखायला लागला. ती नऊ वर्षांची होती, आमची एकुलती एक. पहिल्या दिवशी हिनं, शकूच्या आईनं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, हळदीचं दूध दिलं. मग तिला ताप चढला. मानेची एक बाजू सुजून दगडासारखी झाली. तोंड उघडेना, थुंकीसुद्धा गिळवेना, श्वास घेताना घशातून आवाज यायला लागला. आणि नेमकं तेव्हाच, आमच्याकडे पावसाचा थेंब नसताना, वरच्या मुलखातलं पाणी उतरून नदी दोन्ही धारांनी फुगली. डोंगा बांधून ठेवला गेला.

मी माझ्या सवयीप्रमाणे एकेक उपाय मनात मांडला. ढाणकीचा डॉक्टर आणणं: डोंगा नाही. भोपळ्यांचा तराफा करून शकूला नेणं: तिला बसवत नव्हतं, ती कशाला धरणार? निरोप पाठवणं: पोहून जाईल असा माणूस नव्हता. उपाय संपले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पुढचं काम नव्हतं. ही देवापुढे बसली होती. मला तिथे बसायचा धीर झाला नाही. मागायचं कसं तेच मला माहीत नव्हतं.

उजाडलं तेव्हा आवाराच्या कुंपणावरून मला घाट दिसला. लखमा डोंगा सोडत होता.

मी धावत गेलो. “लखमा, थांब. पोरीला आणतो. तिला पलीकडे ने.”

“नाई सायेब.”

“तू चाललास ना?”

“म्या चाललो. रिकामा डोंगा पाण्याबरोबर खाली वाहत जाते आन् कुठंतरी लागते. त्याच्यात आजारी लेकरू निजवलं आन् पलटला तं? तिले धरू का वल्हं धरू?”

“मग आजच्या दिवशी तू तरी कशाला जीव धोक्यात घालतोस?”

“खेप हाये,” तो म्हणाला. त्याला यापेक्षा जास्त कारण लागत नव्हतं.

मी डोंग्याची कड धरून ठेवली होती. सोडवत नव्हती. माझ्यामागे ही कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती म्हणाली, “जाऊ द्या त्यांना. आपल्याला जाता येत नाही, हाक तरी जाईल.” तिचं बोलणं मला काही पटलं नव्हतं. पण मी कड सोडली. त्या सकाळी मी जे काही केलं, त्यात माझं म्हणावं असं एवढंच.

डोंगा वाहत खाली गेला, बाभळींच्या वळणाआड दिसेनासा झाला. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. मी घरी येऊन शकूचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

बराच वेळ गेला. मग घाटाकडून माणसांचा गलका आला आणि ओसरीवर लखमा उभा, चिंब भिजलेला, चेहरा भूत बघितल्यासारखा. त्याच्यामागे पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर कातडी पेटी घेतलेला एक परका माणूस.

“सायेब, ओ आली,” लखमा म्हणाला. “म्या हाक मारली आन् झाडीतून ओ आली. बापाच्या वेळेपासून कधी कोणी ओ देल्ली नव्हती. पयले तं मले पळावंच वाटलं.”

तो परका माणूस डॉक्टर होता. गावोगाव फिरणाऱ्या दवाखान्याची त्याची जीप आदल्या संध्याकाळी नाल्याच्या चिखलात रुतली होती. रात्र जीपमध्ये काढून सकाळी तोंड धुवायला तो नदीवर आला होता. “कोणीतरी विचारलं, आहे का कोणी? मला वाटलं, आम्हालाच शोधताहेत. मी म्हटलं, आहे!” लखमानं त्याची पेटी बघितली आणि शकूचं सांगितलं.

“याहीले म्या सांगतलं,” लखमा मध्येच म्हणाला, “पलटला तं मी जबाबदार नाई. तं म्हणे, मले पोहता येते. डोंगा काठाकाठानं वर ओढला, मंग पुढच्या वल्ह्यावर बसले. हात चांगला हाये त्याहीचा.”

डॉक्टरनं शकूला अंगणात उजेडात बसवलं. चमच्यानं जेमतेम दात विलग केले, आत बघितलं आणि म्हणाला, घशात गळू झालं आहे, फोडावं लागेल. सुरी उकळून तिचं टोक तेवढं उघडं ठेवून बाकी पातं त्यानं पट्टीनं गुंडाळलं. मी डोकं धरलं, हिनं हात धरले. एका क्षणाचं काम होतं. घाण वाहून गेली, शकू रडली, आणि रडता यायला लागलं म्हणून आम्ही दोघंही रडलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, पाणी. घोट तिच्या गळ्यातून खाली उतरताना मी बघत होतो. तसं लक्ष देऊन मी आजवर देवाच्या मूर्तीकडेही बघितलं नव्हतं.

चहा पिताना डॉक्टरनं मला विचारलं, “तो रोज कोणाला हाक मारतो?”

पुढे बरेच दिवस मी यावर विचार करत होतो. त्या काठच्या लोकांनी कधी ओ दिली नाही, कारण पहिल्या खेपेत बसायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. ओ देणारा कोणी परकाच असायला हवा होता. इतकं मला उलगडलं. पण तो त्याच सकाळी, त्याच वळणावर तोंड धुवायला का यावा, हे मला उलगडलं नाही. आता मी ते उलगडायलाही बसत नाही. एक शंका मात्र उरली होती, ती मी लखमाला विचारली. डॉक्टर बसला म्हणजे खेप मोडली का?

“जाताना रिकामी पायजे,” तो म्हणाला. “येतानाचं कोणी काई सांगतलं नाई.”

पंचायतीच्या बैठकीत वेळापत्रक आलं. पहिली खेप ठेवायची, यावर वाद झाला नाही. एक सभासद म्हणाले, नुसतं रिकामी लिहिलं तर बरं दिसत नाही, ‘देवाची खेप’ लिहा. लखमा दाराशी बसला होता. तो म्हणाला, “देवाची म्हनली तं मानूस कसा बसन?” नाईकांनी मान डोलावली. घाटावरच्या फळ्यावर मी स्वतःच्या हातानं पहिल्या ओळीत ‘रिकामी’ असं लिहिलं.

त्या नोकरीतून मी पुढे दारव्ह्याला आलो. शकू आता सासरी आहे, तिचा आवाज खणखणीत आहे. माझ्या याद्या अजून आहेत आणि उदबत्तीही वेळेवर लागते. पण ती लावण्याआधी मी पुढचं दार उघडतो आणि उंबऱ्यात थोडा वेळ काही न करता उभा राहतो. पूर्वी मला वाटायचं, देवाला आपण हाक मारायची आणि त्यानं आपलं काम करायचं. लखमानं काहीच मागितलं नव्हतं. त्यानं डोंगा रिकामा नेला आणि विचारलं. डोंगा नेणं आपल्याकडे असतं, कोण बसेल ते आपल्याकडे नसतं. एवढं मान्य करायला मला एक पूर यावा लागला.

रस्त्यावर बहुतेक कोणी नसतं. मी आत येतो आणि उदबत्ती लावतो.