अंगावरचा टाका

आमच्या घरात नवं शिलाई मशीन अमावास्येला आणलंय, तेही शनिवारी. यावरून माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास असेल ते समजा. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचायचे, टाइमपास म्हणून. आज स्वतः लिहायला बसलेय याची मलाच लाज वाटतेय. पण सांगायचं कुणाला, हाही प्रश्न आहेच...

मी मूळची इचलकरंजीची. आता लंडनला असते. इंग्लंडातलं नव्हे, कॅनडातलं, टोरांटोपासून दोन तासांवरचं. कॉस्च्युमचा कोर्स करून इथल्या एका छोट्या थिएटरच्या कपडेपटात टेम्पररी लागले. सोबत अनघाताई. ती पुण्याची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, त्याच कोर्सची. एकाच बेसमेंटमध्ये राहायचो, एकाच कुकरमध्ये भात लावायचो. पहिल्या विंटरमध्ये मी तापाने फणफणले तेव्हा तिने कामावर सुट्टी टाकून तीन दिवस मला पेज भरवली. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं तिने केलंय, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, हिला माणसांची पारखच नव्हती.

गेल्या मार्चमध्ये थिएटरने शंभरेक वर्षांपूर्वीच्या धर्तीचा बॅले बसवला. त्या काळी युरोपात पूर्वेकडच्या कपड्यांचं खूळ होतं. बॅलेवाल्यांनी कॉर्सेट काढून टाकलं, फुग्याच्या विजारी आणि मण्यांच्या चोळ्या चढवल्या, आणि ते बघून पॅरिसच्या बायका रस्त्यावर तसलेच कपडे घालून हिंडायला लागल्या. आपल्याकडची नर्तकी म्हणून त्यांनी जे शिवलंय ते आपल्याकडे कुणी शिमग्यालासुद्धा घातलं नसतं! पण हातकाम मात्र असं, की बघत राहावं.

थिएटरच्या स्टोअरमध्ये तसली एक जुनी चोळी होती. रेशमाला हात लावला की भुगा व्हायचा. तिच्यावरून नवी बेतायचं काम मी घेतलं. कागद कापण्यापासून शेवटच्या मण्यापर्यंत सगळं माझं, सहा आठवडे. अनघाताईकडे विजारी होत्या. जुन्या चोळीतली एकच गोष्ट धड होती, आतली कमरेची पट्टी. तिच्यावर ती चोळी घातलेल्या मुलींची नावं शाईने लिहिलेली, एक खोडून त्याखाली दुसरं. टाकवेना, म्हणून ती मी नव्या चोळीत आतून शिवून टाकली. त्यात एकही मराठी नाव नव्हतं, हे मी नंतर दहा वेळा पाहिलंय.

याच वेळी कपडेपटात एक पर्मनंट जागा निघणार होती. माझं वर्क परमिट संपायला सात महिने राहिलेले, अनघाताईचे नऊ. ती जागा जिला मिळेल तिचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायचा, मार्ग मोकळा, दुसरीने बॅगा भरायच्या, इतकं सरळ होतं. आमची मुख्य हेलन गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते सहा आठवडे रजेवर होती, त्यामुळे कुणी काय शिवलं हे तिला ठाऊक नव्हतं. अनघाताई म्हणाली, "हे बघ, जिचं काम तिचं नाव. आपल्यात कसली आलीय स्पर्धा?" मी म्हटलं, "ताई, तुला मिळाली तरी मी पेढे वाटीन."

शो शनिवारी दुपारी दोनचा. पावणेदोनला मुख्य नर्तकीच्या चोळीचा पाठीवरचा हुक तुटला. ही क्लोए, मॉन्ट्रियलची, मराठी सोडा, हिंदीचाही गंध नाही. नवा हुक लावायला वेळ नव्हता, चोळी तिच्या अंगावरच शिवायची होती. इथे माझी एक खोड सांगते. माझी आई ब्लाउज शिवायची. तिचा नियम, अंगावर टाका घालायचा नाही, घालावाच लागला तर दातात दोरा धरायचा आणि गाठ मारून दोरा तोडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. काही घरांत घालणारीने दोरा धरायचा असतो, आमच्याकडे शिवणारीने. विश्वास वगैरे काही नाही, पण हात सुईला लागला की दोरा आपोआप दातात जातो. अनघाताई यावरून मला कायम चिडवायची.

मी शिवत होते, अनघाताई शेजारी टॉर्च धरून उभी, आणि हेलन काठी टेकत आत आली. चोळीकडे बघून म्हणाली, "धिस इज ब्यूटिफुल. हू मेड इट?"

माझ्या दातात दोरा. अर्धे टाके बाकी. मी मान वर केली, पण घाबरले नाही. म्हटलं, ताई आहे ना, सांगेल.

तेवढ्यात आवाज आला. "खरं सांग की."

स्पष्ट मराठी, बाईचा आवाज, अगदी जवळून, क्लोएच्या अंगाकडून. क्लोएच्या पाठीला माझे हात टेकलेले होते. तिने श्वास रोखून धरला होता आणि पाठ जराही हलली नव्हती. हेलन तशीच हसत उभी, जणू तिने काही ऐकलंच नाही.

मग अनघाताई म्हणाली, "आय डिड. शी हेल्प्ड मी विथ द बीड्स."

मी गाठ मारून दोरा तोडला तोवर हेलन गेली होती आणि क्लोए "मेर्सी" म्हणत स्टेजकडे पळाली होती. शो संपल्यावर मी तिला गाठून विचारलं. ती म्हणाली, "मी? मी तर श्वाससुद्धा घेत नव्हते."

सोमवारी अनघाताईच्या हातात ऑफर लेटर पडलं. मी हेलनकडे गेले, चोळी बेतताना कापलेले कागद दाखवले. ती वाईट नव्हती. फक्त म्हणाली, "यू वेअर राइट देअर. तू तेव्हा काहीच का बोलली नाहीस?" आईचा दोरा तिला इंग्रजीत कसा समजावणार? प्रयत्न केला. तिने मान हलवली, आणि ती मान कशी हलली ते मी विसरणार नाही.

घरी येऊन मी भांडले. आयुष्यात कुणाशी भांडले नाही तशी भांडले. आवाजाचं मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं भास असेल, धावपळ, सकाळपासून पोटात काही नाही... अनघाताई आधी रडली. मग म्हणाली, "मला परत नाही जायचं गं. तिथे माझं काही उरलेलं नाही. आणि तू तरी कुठे हेलनला सांगितलंस?"

"माझ्या तोंडात दोरा होता! तुला माहीत आहे मी बोलत नाही ते!"

"उगाच नाटकं करू नकोस," ती म्हणाली. "बोललीस की माझ्याशी. खरं सांग की, म्हणालीस. ते शेवटचं 'की' तुझंच, इचलकरंजीचं. मी काय बहिरी आहे?"

मी खाली बसले.

तो आवाज कुणाचा होता, मॉन्ट्रियलच्या मुलीच्या अंगातून इचलकरंजीचं मराठी कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. पण खरं सांगू का, मला त्याची भीती वाटत नाही. तो ज्या कुणाचा होता, माझ्या बाजूचा होता. माझी ताई मात्र माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने "खरं सांग" ऐकलं, ते मीच म्हणतेय असं समजून ऐकलं, आणि मग तोंड उघडलं.