सगुणावैनींची गोधडी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आधी आई होती म्हणून, मग बायको होती म्हणून. आता अडवणारं कुणी उरलेलं नाही. माझ्या मुलीच्या बारशाला जी गोधडी अख्ख्या कुरवंडे गावानं वाखाणली, ती माझ्या आईनं शिवलेली नव्हती. ती सगुणावैनींची होती.

सगुणावैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. घरात त्यांना दुसरं काही नको होतं, फक्त गोधडी शिवायला चार बायांची संगत हवी होती. म्हणायच्या, "येकटीनं शिवली तर ते नुसतं पांघरूण. चारी बाजूंनी बाया बसल्या तर गोधडी."

गावात पाटलांच्या ओसरीवर बाया बसत. तिथं वैनींना जुनी लुगडी फाडायला देत, सुई देत नसत. आमच्याकडे गोधडी कडेनं शिवत आत जातात आणि मधलं शेवटचं ठिगळ लावताना त्याखाली भाकरीचा तुकडा घालतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून हा घास. त्याला पांढऱ्या कपाळाचा हात लागला तर पांघरणाऱ्याचं वाईट होतं, अशी समजूत. एक दिवस वैनींनी फाडलेलं लुगडं पाटलीणबाईंच्या पुढ्यात टाकलं. "फाडायला माजा हात चालतो, जोडायला न्हाई? बसा मग फाटकं घिऊन!"

मग वडगावच्या एका शिकलेल्या बाईंचा शिवणवर्ग झाला. तिथं कपाळ कुणी पाहत नव्हतं, पण कापडावर पट्टीनं रेघा मारून त्यावरून टाके घालायचे आणि बोलायचं नाही. तीन दिवसांत वैनी परत आल्या. "भावजी, ते शिवणं न्हाई, कित्ता गिरवणं हाय. आन् गप ऱ्हायचं! तोंड शिवून घ्यायला गेलते का मी?"

मी तेव्हा लोणावळ्याला मालधक्क्यावर कारकून होतो. रेल्वेच्या चाळीमागं अमिनामावशींच्या अंगणात दुपारी बाया शिवायला जमत. मीच वैनींना तिथं नेलं. मावशींनी नाव, जात काही विचारलं नाही.

"टाका कुटनं घालतीस गं?"

"कडंनं आत."

"मग ती बाजू मोकळी हाय. बस."

वैनी रोज गावाहून डोंगरवाटेनं चालत येऊ लागल्या. गावात कुजबुज झाली, मुसलमानाच्या दारात बसती म्हणून. वैनींनी विहिरीवरच उत्तर दिलं, "दारात न्हाई, अंगणात. आन् बसत न्हाई, शिवती!"

माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा वैनींनी त्या अंगणात बाळासाठी गोधडी शिवली. घास मावशींनी त्यांनाच घालायला लावला. मी समोर उभा होतो.

बारशाला पाटलीणबाईंनी गोधडी उलटीसुलटी करून पाहिली. "कुणी शिवली?" आई म्हणाली, "मीच की." पाटलीणबाईंनी मधल्या ठिगळावर बोट ठेवलं. "आन् घास?"

"म्या घातलाय," दारातून वैनी म्हणाल्या.

आई माझ्याकडे वळली. "सांग की रं!"

मी म्हणालो, "वैनींचा काही संबंध नाही. आईनंच शिवली."

वैनी रडल्या नाहीत. "भावजी, सासूबाईंचा टाका तांदळायेवढा, माजा मोहरीयेवढा. खोटं बोलायचं व्हतं तर आदी उसवायची तरी!" एवढं बोलून त्या निघाल्या, त्या पुन्हा आमच्या घरात आल्या नाहीत. मावशींच्या शेजारची खोली त्यांनी घेतली. पुढं पाटलांची विधवा सून मागच्या बोळातून त्या अंगणात येऊ लागली, तेव्हा वैनींनी तिला दटावलं, "चोरून येणार आसशील तर येऊ नगंस. पुढल्या वाटंनं ये, सगळ्यांना दिसू दे."

माझी मुलगी त्याच गोधडीत वाढली. तिला काही झालं नाही.

वैनी गेल्या, त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. 'त्या दिवशी मी खोटं बोललो, वैनी,' एवढंच म्हणायचं होतं. स्टेशनपासून चाळीपर्यंत ते पुटपुटत आलो होतो. वैनी खाटेवर उठून बसल्या. "बोला भावजी. काय काम काढलंत?"

मी म्हणालो, "काही नाही. सहज आलो होतो."