शेवंताने सांगितलेला बैल

आधीच सांगून ठेवतो, भुताखेताच्या गोष्टी करणाऱ्यांना मी आयुष्यभर झापत आलो. चाळीस वर्षं मास्तरकी केली, पोरांना सायन्स शिकवलं. मला कोणी गंडवलं असेल, असं समजू नका.

साल छप्पन-सत्तावन असेल. मी नुकताच मास्तर झालो होतो. आरमोरीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर आमचं गाव. धानकापणी आटोपली होती. माझी धाकटी बहीण शेवंता, सतरा वर्षांची, एकाएकी बिघडली. झोप नाही, एकटीच हसायची. एका सकाळी आईकडे बोट दाखवून म्हणाली, "भाऊ, हे बाई कोन हाय? माही माय कुठी गेली?"

गावाने ठरवून टाकलं... देवीचं वारं आलं! कुंकू, नारळ, पायांवर पाणी, सगळं सुरू. वारं आलेल्या बाईला आमच्याकडे गावाच्या शिवेबाहेर नेत नसत. मी भडकलो. "बाबा, हे दुखनं हाय. मी तिले डाक्टरकडे नेऊन राह्यलो!" बैल जुंपले, शेवंताला गाडीत बसवलं.

तेवढ्यात शेजारचे सोमाकाका आले. त्यांचा बैल दोन दिवसांपासून सापडत नव्हता. गाडीपुढे नारळ ठेवून म्हणाले, "माय, माहा बैल कुठी हाय?"

शेवंता त्यांच्याकडे बघेचना. हळूच म्हणाली, "जुन्या बोडीत. गाळात रुतला. कासरा करंजीच्या झाडाले गुतला."

बोडी म्हणजे शेततळं, गावापासून कोसभर लांब. आणि पोरगी आठवडाभर अंगणाबाहेर गेली नव्हती! मला हसू आलं. म्हटलं, "जा काका, पाहून या. तुमची खोड मोडूनच निघतो मी."

दोनेक तासांनी काका बैल घेऊन परतले. पोटापर्यंत चिखल, गळ्यात तुटका कासरा. "करंजीलेच गुतला होता, मास्तर," म्हणाले. जुंपलेले बैल मी सोडले. मीच!

चौथ्या दिवशी तिला झटके येऊ लागले, वाचा गेली. मग कुठली शीव आणि कुठलं काय... गाडी पळवत आरमोरी गाठली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आहे. माणसं न ओळखणं, भलतंसलतं बोलणं, तीच सुरुवात होती. इतके दिवस काय करत होतात?"

त्याच संध्याकाळी शेवंता गेली.

दुखण्याचा उलगडा झाला, बैलाचा आजवर नाही. कोणाकडे लॉजिक असेल तर सांगा, मी ऐकेन. पण एक गोष्ट मला जगू देत नाही... त्या दिवशी ती चुकली असती, तर मी तिला तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं.