धुराड्यातली नळी

दाभोळच्या नसरुद्दीन परकारांची बावीस वर्षं सौदीतल्या ताइफमध्ये लोकांची घरं उबदार करण्यात गेली. डोंगरावरच्या त्या शहरात हिवाळा बोचरा. जुन्या बंगल्यांतले डिझेलचे बॉयलर काढून लोक आता गॅसचे बसवून घेत होते.

जानेवारीत हम्माद नावाच्या एका सौदी शिक्षकाकडे त्यांनी असाच बॉयलर बदलला. तळघरातलं काम आटोपलं, पण धुराड्यात सोडायची स्टीलची नळी जेद्दाहून यायची होती. तिच्याशिवाय बॉयलर पेटवायला ते तयार होईनात.

"नसरुद्दीनभाई, वर मालकाची म्हातारी आई कुडकुडतेय," फोरमन उमैर म्हणाला. तो म्हसळ्याचा, वयाने लहान, हुद्द्याने मोठा. "एका दिवसाने काय होतंय?"

"डिझेलचा धूर कढत, तो सरळ वर जातो. गॅसचा धूर त्या मानाने निवलेला, ओलसर. नळीशिवाय एवढ्या रुंद धुराड्यात तो अर्ध्यातच थंड पडणार. वर जुनी काजळी सुटून खाली पडली की वाट बंद. मग विषारी वायू घरात शिरतो. त्याला ना वास, ना रंग."

"मला शिकवू नका," उमैर म्हणाला.

नसरुद्दीननी गॅसचा कॉक बंद केला, हम्मादला मोडक्यातोडक्या अरबीत समजावलं आणि ते निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी घेऊन दोघं आले. नसरुद्दीन बाहेरच्या दाराने तळघरात उतरले, तर बॉयलर घरघरत होता. त्यांनी धुराच्या तोंडाशी काडी धरली. ज्योत आत ओढली जायला हवी होती. ती त्यांच्याच अंगावर वाकली.

कॉक बंद करून ते वर धावले. हम्माद शाळेत, फोन उचलेना. हाका मारल्या, दार ठोठावलं. आतून ओ नाही. परक्याच्या घरात, बायकामाणसांच्या खोल्यांकडे जायचं म्हणजे नोकरी आणि इकामा, म्हणजे राहायचा परवाना, दोन्ही पणाला. क्षणभर हात दारावरच राहिला. मग त्यांनी दार ढकललं.

म्हातारी गालिच्यावर कलंडली होती. डोळे अर्धे उघडे, शब्द फुटत नव्हता. नसरुद्दीननी तिला उचलून अंगणात आणलं, उमैरला खिडक्या उघडायला लावल्या आणि रुग्णवाहिका बोलावली.

संध्याकाळी, ऑक्सिजन लावल्यावर, तिने मुलाला ओळखलं. हम्माद इस्पितळाच्या ओट्यावर थांबलेल्या दोघांकडे आला. त्याचा आवाज शांत होता, त्यामुळेच नसरुद्दीनना जास्त भीती वाटली.

"बॉयलर कुणी पेटवला?"

नसरुद्दीननी उमैरकडे पाहिलं. नाव घेतलं तर उमैरचं परतीचं तिकीट कापलं जाणार, आणि नाही घेतलं तर ठपका आपल्यावर.

"मी," उमैर म्हणाला. "काल हे गेल्यावर, बाहेरच्या दाराने येऊन. यांनी नको म्हटलं होतं."

पंधरवड्यात कंपनीने उमैरला घरी पाठवलं. नळी नसरुद्दीननी स्वतः बसवली. खाली साचलेली काजळी आणि विटांचे तुकडे तीन बादल्या निघाले. तेव्हापासून ते नळी न बसलेल्या घरातून निघताना कॉकची मूठ काढून खिशात घालतात. मालक कुरकुरतात. ते ऐकून घेतात आणि मूठ खिशातच ठेवतात.